झेलणाऱ्याची पायरी

भाताची झोडणी आटोपून खळी मोकळी झाली, की खालापूर आणि कर्जत या दोन्ही तालुक्यांतील शेतजमीन काही महिन्यांपुरती आपले मूळ प्रयोजन विसरते. कुठे ढेकळे फोडून, माती चाळून व पाण्याचा सडा देऊन कबड्डीचे मैदान आखले जाते, तर कुठे धसकटे काढून टेनिसच्या चेंडूने खेळावयाच्या क्रिकेटसाठी खेळपट्टी चोपली जाते. आणि रात्री उशिरापर्यंत दिव्यांच्या झोतात चाललेल्या सामन्याला जेवढा रंग चढतो, तेवढाच सामना संपल्यावर मैदानाच्या कडेला रंगणाऱ्या वादालाही चढतो. या वादातला एक प्रश्न मात्र वर्षानुवर्षे तहकूब होत आला आहे. प्रतिपक्षाच्या अंगणात शिरून गडी टिपून आणणारा चढाईपटू श्रेष्ठ, की तो आपल्या अंगणात येईपर्यंत कोपऱ्यात दबा धरून उभा राहणारा आणि आल्यावर त्याचा घोटा धरणारा कोपरारक्षक श्रेष्ठ? पहिल्याचे कर्तृत्व त्याच्या स्वतःच्या स्वाधीन असते. दुसऱ्याला संधी मिळावयाची ती समोरच्याने पाऊल टाकले तरच. ज्याची संधी दुसऱ्याच्या हातून येते, त्याला पहिल्या पंक्तीचे पान वाढावे किंवा कसे, हा या वादाचा खरा मुद्दा आहे.

हाच मुद्दा सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेतही मोठ्या हिरिरीने लढवला जातो. तेथे तो त्यांच्या फुटबॉलमधील रिसीव्हर या खेळाडूविषयी आहे. आपल्याकडे मात्र या प्रश्नाचा सर्वांत पूर्ण असा दाखला एका मराठी क्रिकेटपटूच्या कारकिर्दीत सापडतो. दोन्ही प्रकरणांची कागदपत्रे शेजारी ठेवून वाचली, तर निवाडा करणे पुष्कळच सोपे जाते.

अमेरिकेतील दावा

अमेरिकन फुटबॉल हा नावाने फुटबॉल असला, तरी त्यात पायापेक्षा हाताचेच काम अधिक. अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ, दोन्ही टोकांच्या गोलरेषांमध्ये शंभर यार्डांचे मैदान, आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणारे चार प्रयत्न, अशी त्याची ढोबळ मांडणी आहे. आक्रमक संघाचा सूत्रधार, ज्याला क्वार्टरबॅक म्हणतात, तो चार पावले मागे सरून चेंडू फेकतो. आणि आधीच ठरलेल्या वळणावळणाच्या मार्गाने धावत गेलेला रिसीव्हर, अंगाला चिकटून धावणाऱ्या संरक्षकाला हुलकावणी देऊन, तो अधांतरी झेलतो. हा खेळ भारतात रुजवण्याचा एक उद्योग २०१२ साली झाला होता, आणि त्या लीगमध्ये ‘पुणे मराठाज’ व ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’ या नावांचे संघही उतरले होते. परंतु आपल्या मातीत तो काही धरला नाही, त्यामुळे त्यातील वाद आपल्या कानी सहसा पडत नाहीत.

रिसीव्हरच्या विरुद्ध जी कैफियत दाखल केली जाते, ती वरकरणी बिनतोड आहे. चेंडू फेकणारा नसेल, तर झेलणाऱ्याचे हात रिकामे. फेकणाऱ्यासमोर धिप्पाड गड्यांची भिंत उभी नसेल, तर फेकही नाही आणि झेलही नाही. मग एवढ्या परावलंबी कर्तृत्वाचे श्रेय एकाच्या नावे का खतवावे? २००७ च्या हंगामात रँडी मॉस या रिसीव्हरने २३ टचडाउन (गोलरेषेपार नेलेले चेंडू) झेलून उच्चांक केला, पण त्याच हंगामात, त्याच संघात, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने ५० टचडाउन फेकून त्या वेळचा उच्चांक प्रस्थापित केला होता. तेव्हा मॉसच्या २३ मध्ये मॉसचे किती आणि ब्रेडीचे किती, हे कोणत्या तराजूने तोलावयाचे? असोसिएटेड प्रेसच्या पंचांकडून हंगामातील सर्वांत मोलाच्या खेळाडूला जो किताब दिला जातो, तो आजवर एकाही रिसीव्हरच्या वाट्याला आलेला नाही, हाही पुरावा वादी पक्ष आवर्जून पुढे करतो.

प्रतिपक्षाजवळही साक्षीदार आहेत, आणि त्यांतला सर्वांत भारदस्त म्हणजे जेरी राइस. १,५४९ झेल आणि झेल घेऊन काटलेले २२,८९५ यार्ड हे त्याचे आकडे आज इतकी वर्षे लोटली तरी कोणाच्या आवाक्यात आलेले नाहीत. परंतु येथे आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याला चेंडू देणारे हात पालटत गेले. प्रारंभी जो मोंटाना होता. तो गेल्यावर स्टीव्ह यंग आला. आणि संघ सोडून ओकलंडला गेल्यावर रिच गॅनन. त्या ओकलंडमध्ये २००२ च्या हंगामात, चाळिशीच्या उंबरठ्यावर, राइसने ९२ झेल घेऊन १,२११ यार्ड मिळवले. दाता बदलला तरी दान घेणाऱ्याची ओंजळ तेवढीच भरत असेल, तर ओंजळीतच काही गुण आहे असे मानणे भाग पडते.

त्याहून बोधप्रद प्रकरण २०२२ चे. टायरीक हिल हा कॅन्सस सिटीचा रिसीव्हर, आणि त्याला चेंडू देणारा पॅट्रिक महोम्स हा त्या काळातील अव्वल क्वार्टरबॅक. त्या वर्षी कॅन्सस सिटीने हिलला मायामीच्या हवाली केले. मायामीत महोम्स नव्हता. तरी हिलने त्या हंगामात १,७१० यार्ड मिळवले, जे कॅन्सस सिटीत त्याला कोणत्याही हंगामात साधले नव्हते. येथवर वाचून हिलचे पक्षपाती टाळ्या वाजवतील. पण प्रकरणाचा उत्तरार्ध असा, की हिल गेल्यानंतरच्या त्याच हंगामाचे अजिंक्यपद, फेब्रुवारी २०२३ मध्ये, कॅन्सस सिटीनेच जिंकले. दोन्ही पक्ष हेच प्रकरण आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून हजर करतात, आणि दोघेही एका परीने बरोबर असतात. हिल श्रेष्ठ आहे हे मायामीने दाखवले. हिल अपरिहार्य नाही हे कॅन्सस सिटीने दाखवले. श्रेष्ठता आणि अपरिहार्यता या दोन निरनिराळ्या खतावण्या आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळल्या गेल्यामुळेच हा वाद वर्षानुवर्षे चिघळत राहिला आहे.

हिंदू जिमखान्यावरचा मुलगा

आता आपल्या घरच्या प्रकरणाकडे वळू. १८ मार्च १९४८ रोजी मुंबईत जन्मलेला एकनाथ धोंडू सोलकर हा पी. जे. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा. मैदानावरील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे, आणि सामने चालू असताना धावफलकावरील आकडे बदलण्याचे काम तो पोर वयात करीत असे. ज्या मैदानावर इतर लोक खेळावयास येत, तेथे तो राहत होता. त्यामुळे चेंडूची उसळी, गवताचा ओलावा आणि मातीचा स्वभाव यांचे ज्ञान त्याला शिकवणीवाचून झाले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे. पुढे तो भारतीय शालेय संघाचा कर्णधार झाला, १९६९ साली न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला त्याने कसोटीत पदार्पण केले, आणि जानेवारी १९७७ मध्ये इंग्लंडविरुद्ध कलकत्त्याला अखेरची कसोटी खेळला. एकूण २७ कसोटी सामने. मैदानावरचे सोबती त्याला ‘एक्की’ म्हणत.

आता या २७ सामन्यांचा नेहमीच्या रीतीने हिशेब मांडला, तर तो फारसा डोळ्यांत भरत नाही. धावा १,०६८, सरासरी २५.४२, शतक एकच, जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे मैदानावरील पहिल्यावहिल्या कसोटीत वेस्ट इंडीजविरुद्ध केलेले, बळी १८, आणि प्रत्येक बळीमागे मोजलेल्या धावा ५९.४४. एवढ्या भांडवलावर कोणताही निवड समितीचा सभासद त्याला पहिल्या प्रतीचा फलंदाज म्हणणार नाही, आणि गोलंदाज तर नाहीच. तथापि त्याच खात्यात एक नोंद अशी आहे, की जिच्यापुढे बाकी सारा हिशेब फिका पडावा : ५३ झेल. सामन्यामागे जवळजवळ दोन. किमान वीस कसोटी खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या क्षेत्ररक्षकांत सामन्यागणिक झेलांचे इतके प्रमाण जगात दुसऱ्या कोणाचे नाही. स्लिपमधील अद्वितीय क्षेत्ररक्षक म्हणून ज्याची ख्याती, त्या ऑस्ट्रेलियाच्या बॉब सिम्पसनने ६२ कसोटींत ११० झेल घेतले. प्रमाणाच्या दृष्टीने तोही सोलकरच्या मागेच राहतो.

हे झेल कोठे घेतले, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्यांचे मोल कळावयाचे नाही. फॉरवर्ड शॉर्ट लेग ही सोलकरची जागा फलंदाजाच्या बॅटपासून अवघ्या काही फुटांवर, त्याच्या पायांसमोर तिरकस असते. तेथे उभे राहणाऱ्याने, किंबहुना तेथे उकिडवे बसणाऱ्याने, चेंडूकडे न पाहता बॅटकडे आणि पॅडकडे पाहावयाचे असते. आणि फलंदाजाने सर्व शक्तीनिशी चेंडू तडकावला, तर डोळा मिटण्याइतकीही सवड नसते. शिरस्त्राणे कसोटी क्रिकेटमध्ये रूढ झाली ती सोलकरची कारकीर्द संपल्यानंतर; म्हणजे हे सारे उघड्या डोक्याने चालले होते. १९७२-७३ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ येथे पाच कसोटी खेळावयास आला असताना सोलकरने मालिकेत १२ झेल घेतले.

सर्वांच्या स्मरणात राहिलेला झेल मात्र त्याआधीचा, ऑगस्ट १९७१ मधला, लंडनच्या ओव्हल मैदानावरचा आहे. पहिल्या डावात ७१ धावांची आघाडी घेतलेल्या इंग्लंडला दुसऱ्या डावात चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन १०१ धावांत गुंडाळले, आणि भारताने इंग्लंडच्या भूमीवरील आपला पहिला कसोटी विजय मिळवला, हा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. परंतु त्या डावाचा तक्ता नीट वाचणाऱ्याला दोन ओळींपाशी थबकावे लागते. एक, कीथ फ्लेचर, झेल सोलकर, गोलंदाज चंद्रशेखर, शून्य. दुसरी, ॲलन नॉट, झेल सोलकर, गोलंदाज वेंकटराघवन, एक. पहिल्या डावात ९० धावा काढून भारताला जेरीस आणणारा हा नॉट. त्याने वेंकटराघवनचा चेंडू बॅट-पॅड जोडून सावधपणे खाली दाबला, आणि सोलकरने पुढे झेप घेऊन तो जमिनीपासून बोटभर अंतरावर उचलला. दुसऱ्या कोणत्याही क्षेत्ररक्षकाच्या बाबतीत तो झेल सुटला असे कोणी म्हटले नसते. झेल होता हेच कोणाच्या लक्षात आले नसते.

खाते कोणाचे?

येथे वादी पक्षाचा वकील उठून उभा राहील, आणि तो निरुत्तर करण्यासारखा नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. तो म्हणेल, की बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना आणि वेंकटराघवन या चौघांनी मिळून ८५३ कसोटी बळी घेतले. असे चार फिरकी गोलंदाज एकाच काळी ज्या संघाला लाभले, त्या संघात शॉर्ट लेगला कोणीही उभा केला असता, तरी त्याच्या पदरात झेल पडलेच असते. आणि या युक्तिवादाला पुरावाही आहे. सोलकर ज्या मालिकेत अखेरचा खेळला, त्याच १९७६-७७ च्या मालिकेत, बंगळूरच्या चौथ्या कसोटीत, रणजी स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या यजुर्विंद्र सिंगने पदार्पण केले, आणि एका डावात पाच व सामन्यात सात झेल घेऊन दोन्ही विश्वविक्रमांशी बरोबरी केली. गोलंदाज तेच होते. सोलकर नव्हता. भारत तो सामना जिंकला.

तथापि या पुराव्याचे वजन आहे त्याहून अधिक मानू नये. यजुर्विंद्रच्या त्या पराक्रमाने सिद्ध होते ते एवढेच, की जमीन सुपीक होती. सुपीक जमिनीत एखाद्या साली पीक भरघोस आले म्हणून शेतकऱ्याची पारख होत नाही, ती साल दरसाल भरल्या जाणाऱ्या खंडावरून होते. यजुर्विंद्रला एकूण चारच कसोटी मिळाल्या, त्यामुळे त्याची पारख व्हावयाची राहून गेली. सोलकरची मात्र सात वर्षे झाली. आणि मुंबईकडून खेळताना त्याच्या पुढ्यात चेंडू टाकणारा होता पद्माकर शिवलकर, ज्याच्यासाठी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही कसोटीचे दार उघडले नाही. दाते बदलले, ओंजळ तीच राहिली. अर्थात, वेगवान गोलंदाजांच्या संघात जन्माला आला असता, तर सोलकरच्या नावावर ५३ झेल दिसले नसते, हे कोणीही नाकारू नये. संधी किती याव्यात हे गोलंदाजांनी ठरवले. आलेल्या संधीचे काय करावयाचे, ते सोलकरने.

परंतु एवढ्यावर थांबलो, तर आपणही झेलांच्या मोजदादीतच अडकून पडू. झेलणाऱ्याचे खरे काम चेंडू हातात येण्यापूर्वीच सुरू झालेले असते. फिरकी गोलंदाजाशी सामना देण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे पाय पुढे टाकून, बॅट आणि पॅड जुळवून, चेंडू मेलेल्या हाताने खाली दाबणे. सोलकर समोर बसलेला असला, की हाच सुरक्षित मार्ग सर्वांत धोक्याचा होऊन बसे. मग फलंदाज मागे सरे, आडवी बॅट घाली, किंवा चेंडू नुसता पॅडवर घेई. आणि त्यातून जे पायचीत व त्रिफळाचीत होत, त्यांची नोंद सोलकरच्या खात्यात कोठेच होत नसे. धावफलकाची पद्धतच अशी आहे, की बळी गोलंदाजाच्या नावे जमा होतो आणि झेलणाऱ्याचे नाव केवळ साक्षीदारासारखे शेजारी लिहिले जाते. मग जेथे तो साक्षीदारही नव्हता, पण ज्याच्या धाकाने गुन्हा घडला, तेथे त्याची आठवण कोण ठेवणार? ती गोलंदाजांनी ठेवली. सोलकर नसता, तर आम्ही जे गोलंदाज होतो ते राहिलो नसतो, असा अभिप्राय बिशनसिंग बेदीने दिला आहे, आणि या प्रकरणात बेदीहून जाणकार पंच शोधणे कठीण.

अमेरिकेतील नामांकित रिसीव्हरही नेमके हेच करतो. प्रतिपक्ष त्याच्यावर एकाऐवजी दोन संरक्षक ठेवतो. त्यामुळे दुसऱ्या बाजूचा एखादा सामान्य गडी मोकळा सुटतो, फेकणारा त्याच्याकडे चेंडू देतो, आणि तक्त्यात त्या सामान्य गड्याचे नाव चढते. ज्याने दोघांना आपल्याकडे खेचून नेले, त्याच्या नावासमोर त्या खेळीत शून्य असते. केवळ झेललेल्या चेंडूंवरून रिसीव्हरची प्रत ठरवणे हे केवळ वसूल झालेल्या रकमेवरून मामलेदाराचा कारभार ठरवण्याइतकेच अपुरे आहे.

दबा धरण्याची कला

वाट पाहणे म्हणजे निष्क्रियता, हा समज या वादाच्या मुळाशी आहे, आणि तो निदान खालापूरच्या माणसाने तरी बाळगू नये. याच तालुक्यात, चावणीजवळच्या उंबरखिंडीत, फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची प्रचंड फौज घाट उतरून अरुंद वाटेत आली, तेव्हा शिवाजी महाराजांचे थोडेसे सैन्य दोन्ही अंगांच्या झाडीत आधीपासून जागा धरून होते. चाल खानाची होती. वेळ आणि वाटही वरकरणी त्यानेच निवडली होती. पण ती वाट त्याला निवडावी लागेल हे आधी ओळखून जे नेमक्या ठिकाणी थांबले, त्यांनी ती लढाई शत्रू येण्यापूर्वीच अर्धी जिंकली होती. खान शरण आला आणि खंडणी देऊन सुटला. जागेची निवड, वेळेचा अंदाज आणि येणाऱ्याच्या मनाचा ठाव, या तिन्ही गोष्टी ज्याला साधल्या, त्याला केवळ ‘थांबलेला’ म्हणणे हे युद्धशास्त्राचे अज्ञान होय.

कबड्डीतील कोपरारक्षक या तिन्ही गोष्टी प्रत्येक चढाईला करतो. चढाईपटूचे कोणते पाऊल बोनस रेषेकडे जाणार, साखळी कोणत्या बाजूने बंद करावयाची, आणि घोट्यावर झेप घ्यावयाची ती श्वासाच्या कोणत्या क्षणी, हा निर्णय त्याचा असतो. आणि तो चुकला, तर गुण प्रतिपक्षाला जातो व तो स्वतः बाहेर बसतो. तिघे किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला आधुनिक नियमांनी एक गुण अधिक दिला, यावरून नियम करणाऱ्यांनाही या जोखमीची जाणीव झाली असावी.

निवाडा

तेव्हा सोलकर पहिल्या प्रतीचा खेळाडू होता काय? फलंदाज आणि गोलंदाज म्हणून तो नव्हता, हे त्याच्या चाहत्यांनीही मोकळेपणाने कबूल करावे. किंग्स्टनला व ब्रिजटाउनला १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात, भारताचे पाच-सहा गडी पाऊणशेच्या आत बाद झालेले असताना, गोमंतकाच्या दिलीप सरदेसाईला साथ देऊन त्याने ६१ व ६५ धावा काढल्या, आणि त्या दोन भागीदाऱ्यांत अनुक्रमे १३७ व १८६ धावांची भर पडली. तेथेही तो दुय्यम भूमिकेतच होता, आणि ती भूमिका त्याने चोख वठवली. परंतु त्याच्या खऱ्या धंद्यात तो निर्विवाद पहिल्या पंक्तीचा होता. त्याच्यावाचून भारत जिंकलाच नसता असे नव्हे. बंगळूरला भारत जिंकलाच. अपरिहार्यतेच्या खतावणीत त्याचे नाव कदाचित खाली लागेल, श्रेष्ठतेच्या खतावणीत मात्र ते वरच लागले पाहिजे. आणि हाच निकाल अमेरिकेतील रिसीव्हरलाही लागू व्हावा. संघ उभारताना क्वार्टरबॅक आधी निवडावा, हा व्यवहार झाला. म्हणून राइस दुसऱ्या पायरीवरचा ठरतो, असा निष्कर्ष काढणे हा विचाराचा गोंधळ झाला.

आमच्याकडील कबड्डीच्या स्पर्धांनी हा विवेक दाखवला आहे. उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड अशी दोन स्वतंत्र बक्षिसे देण्याचा प्रघात गावोगावी आहे, आणि पकडीचे बक्षीस घेणारा कोणी स्वतःला कमी लेखत नाही. टेनिस-चेंडूच्या स्पर्धांत मात्र मालिकावीर निवडताना अजूनही षटकार आणि बळीच मोजले जातात. येत्या मोसमात पंचांनी टिपणवहीत आणखी एक रकाना आखावा, आणि त्यात क्षेत्ररक्षकाने किती झेल घेतले हे लिहून थांबू नये. तो तेथे उभा होता म्हणून गोलंदाज कोणता चेंडू टाकण्यास धजला, आणि फलंदाज कोणता फटका मारण्यास कचरला, हेही लिहावे. त्या रकान्याची बेरीज करता येणार नाही, हे खरे. परंतु मालिकावीराचा फैसला करताना तो आधी वाचला जावा.